ऑगस्टमध्ये इटलीतलं टस्कनी-उंब्रिया, सोबत आई-बाबा: उन्हाचं कसं करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. बव्हेरियातल्या शाळांची मोठी सुट्टी ऑगस्टमध्ये असते, त्यामुळे "मे महिन्यात जा, सगळं हिरवंगार असतं" हा सल्ला आमच्या कामाचा नाही. यंदा अकोल्याहून आई-बाबा येतायत. बाबा ७४ वर्षांचे, कृषी विद्यापीठातून निवृत्त. आई ६९, तिचे गुडघे दुखतात. तिला समुद्र नको, मोठी शहरं नकोत. "तिथली शेतं दाखव, खेडं दाखव," एवढंच तिचं म्हणणं.

अकोल्याच्या माणसांना ३७-३८ डिग्रीचं काय कौतुक, असं मलाही वाटायचं. पण घरी कूलर असतो, डोक्यावर पंखा असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं सिएनाच्या दक्षिणेला एका शेतघरात उतरलो होतो (अशा घरांना तिकडे अग्रितुरिस्मो म्हणतात). जुनं दगडी घर, आवारात सायप्रसची झाडं. आमची खोली मात्र वरच्या मजल्यावर, थेट कौलांखाली. रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी ती गरम लागायची. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. उघडल्या की डास, लावल्या की घुसमट. लेकीच्या अंगावर ओला पंचा टाकून आम्ही दोघं आळीपाळीने जागलो. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी येऊन खिडक्यांच्या लाकडी झडपा स्वतः लावल्या. सकाळी आठच्या आत सगळं बंद करायचं आणि ऊन उतरल्यावरच उघडायचं, असं त्यांनी समजावलं. आम्ही वारा यावा म्हणून दिवसभर सताड उघड्या ठेवत होतो. माझी आजी मे महिन्यात हेच करायची, आणि मला तिथे ते सुचलं नाही!

त्या रात्री आई-बाबांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून या वेळी उंचावर राहावं असा विचार आहे. पहिला पर्याय आमियाता डोंगर. जुना ज्वालामुखी आहे, १,७३८ मीटर, वर बीच आणि चेस्टनटची दाट जंगलं. आब्बादिया सान साल्वातोरे हे गाव साधारण ८०० मीटरवर आहे. तिथे मुक्काम करून सकाळी लवकर खाली व्हाल दोर्चा खोऱ्यात उतरायचं, पिएन्झा, बान्यो विन्योनी बघायचं आणि अकराच्या सुमारास परत निघायचं. पिएन्झा बऱ्यापैकी सपाट असल्यामुळे आईला झेपेल. मोन्तेपुल्चानोची चढण तिला जमणार नाही, ते मी सोडलंय. ऑगस्टपर्यंत तिथला गहू कापून झालेला असतो, टेकड्या पिवळट-मातकट दिसतात. फोटोंतला हिरवा रंग वसंतातला. पण बाबांना नांगरलेलं रानच जास्त आवडेल, हे मला ठाऊक आहे.

दुसरा पर्याय कासेन्तिनो खोरं, अरेझ्झो शहराच्या उत्तरेला. पोप्पीचा किल्ला, कामाल्दोलीचा मठ आणि त्याभोवतीचं जंगल. इकडे कोणी मराठी कुटुंब राहून आलंय का?

तिसरी जागा बाबांनी स्वतः शोधली आहे: उंब्रियातलं कास्तेल्लुच्चो, साधारण १,४५० मीटरवरचं गाव, पायथ्याशी मोठं पठार. तिथली मसूर इटलीभर प्रसिद्ध आहे. फुलांचा बहर जून-जुलैत संपतो, ऑगस्ट हा काढणीचा काळ. फुलं नसली तरी चालतील, त्यांना पीक बघायचंय. २०१६च्या भूकंपात ते गाव जवळजवळ सगळंच पडलं, म्हणून मुक्काम खाली नोर्चाकडे करून एक दिवस वर जावं असं मनात आहे. म्हाताऱ्या माणसांना तो घाटरस्ता त्रासाचा होईल का?

बाकी ठरवलेलं असं: ब्रेनर खिंडीतून आमच्याच गाडीने जायचं, वाटेत व्हिपितेनोला मुक्काम. बोल्झानो टाळतोय, ते डोंगरांच्या खोलगट भागात आहे, उन्हाळ्यात फार तापतं. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी आणि १६ला सिएनात पालिओ ही घोड्यांची शर्यत, त्या गर्दीत नको म्हणून १८ला निघणार.

आता अडलंय कुठे ते सांगते. जाहिरातीत "एसी आहे" लिहिलेलं असतं, पण तो झोपायच्या खोलीत आहे की नुसता दिवाणखान्यात, हे कळत नाही. मालकांना नेमकं काय विचारावं? तळमजल्याची खोली मागितली तर देतात का? बाबांना मधुमेहाच्या गोळ्यांमुळे सातला जेवायला लागतं आणि तिकडे खानावळी साडेसातच्या आधी क्वचितच उघडतात, म्हणून स्वयंपाकघर हवंच. बाहेर अंगणात शेगडी असेल तर उत्तम, आत पोळ्या केल्या तर घर आणखी तापेल. आणि बऱ्याच जुन्या गावांत तटबंदीच्या आत परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, दंड घरपोच येतो. मग गुडघेदुखीवाल्या माणसाला वेशीपाशी उतरवून गाडी लांब लावायला जाता येतं का? पिएन्झा आणि ओर्व्हिएतोबद्दल कोणी सांगितलं तर फार बरं होईल. ओर्व्हिएतोला स्टेशनपासून वर नेणारी दोरखंडाची रेल्वे आहे हे माहीत आहे, पण वर पोहोचल्यावर कॅथेड्रलपर्यंत आईला किती चालावं लागेल?

रविवारी बुकिंग करायचंय. ऑगस्टमध्ये राहून आलेल्यांनी कृपया लिहा, मोघम असलं तरी चालेल.