मेसेज कापताना वेलांटी सांभाळा

टेलिग्रामच्या एका मेसेजात ४०९६ चिन्हंच मावतात, म्हणून लांब मजकूर '४०९६ झाले की सरळ कापा' असा सल्ला देतात. इंग्रजीत खपेल. आमच्या खानापुरात भजनी मंडळाच्या टेलिग्राम बॉटला (आपोआप मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामला) मी तेच केलं आणि 'कीर्तन'मधला 'की' फुटला: क एका मेसेजात, वेलांटी दुसऱ्यात, ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन एकटीच. म्हाताऱ्यांचे फोन सुरू!

आता मर्यादेच्या आतली शेवटची नवी ओळ शोधतो, ती नसली तर शेवटची मोकळी जागा, आणि तिथंच कापतो. आयआरसी (जुनी चॅट व्यवस्था) वापरणाऱ्यांनी मात्र चिन्हं नाही, बाइट (साठवणुकीचं एकक) मोजा. तिथं अख्ख्या ओळीला ५१२, त्यातच आदेश नि चॅनेलचं नावही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठी काय, कन्नड काय, प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. एकटा 'की'च ६ खातो.