'स्ट्राइड'ला मराठीत काय म्हणाल?

सांजधून: ओळखीतले एक पियानोवादक घरगुती बैठकीत जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची 'लोन्ली वुमन' (१९५९) ही धून वाजवणार आहेत, तीही १९२०च्या सुमाराच्या, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्ट्राइड ढंगात. पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. 'अव्हाँ-गार्द ध्वनिमुद्रणाचा जुन्या स्ट्राइड पियानोत नवा अवतार' इथेच अडकलेय (अव्हाँ-गार्द म्हणजे चाकोरी मोडणारं, प्रयोगशील). इंग्रजीत स्ट्राइड म्हणजे लांब पाऊल: डावा हात पहिल्या-तिसऱ्या मात्रेला खर्जात, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला वर कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर), असा सारखा ये-जा करतो. मी 'झेपेचा पियानो' लिहिलं, तर नवरा विचारतो, माकड वाजवणार आहे का?

डावखुरा: ढांग! आजी ओरडायची, "ढांगा टाकत कुठे निघालास?" 'ढांगेचा पियानो' लिहा.

पेटीवाली: ढांगेपेक्षा झेप बरी. मुळात आपल्याकडे डाव्या हाताच्या करामतीला शब्द येणार कुठून? पेटीवर तो बिचारा भाता हलवतो.

गावठी_पाणिनी: तबल्यात डावा म्हणजे डग्गा. मला वाटतं, 'डग भरणे'वरूनच तो आला असावा. म्हणून 'डगपियानो'.

पेटीवाली: डग्गा जागचा हलत नाही हो!

तीनताल: स्ट्राइडच ठेवा. ख्यालाला कुणी 'कल्पना' म्हणतं का?

डावखुरा: ख्याल रुळायला काळ गेला. तुमचं स्ट्राइड ठाण्यात किती जणांना कळेल?

तीनताल: ढांगेचा पियानो तरी किती जणांना कळेल? खरी चूक 'नवा अवतार'मध्ये आहे. कोलमनच्या त्या चौकडीत पियानोच नव्हता. आल्टो सॅक्सोफोन, कॉर्नेट, बास आणि ड्रम, बस. मागून कॉर्ड धरणारं कुणी नाही, म्हणून सूर मोकळे. ड्रम घाईत आणि धून आपली रेंगाळतेय, मजा त्यातच. स्ट्राइडचा डावा हात ते सगळं मात्रेला जखडणार. याला अवतार नाही, दावं लावणं म्हणतात.

सांजधून: दाव्याला बांधून वाजवायचं, हीच तर त्यांची हौस आहे! तुम्ही आधीच नाक मुरडू नका. 'जुनं वळण गिरवणं' चालेल? स्ट्राइडवाल्या जेम्स पी. जॉन्सनचं 'कॅरोलिना शाउट' जॅझवाला ड्यूक एलिंग्टन तसंच शिकला: पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोतली भोकं पाडलेली कागदी गुंडाळी) हळू फिरवायचा आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची. अगदी पाटीवर 'ग म भ' गिरवल्यासारखं.

पेटीवाली: गिरवणं शिकणाऱ्यानं. तुमचे वादक काय नवशिके आहेत?

गावठी_पाणिनी: अव्हाँ-गार्दचं मात्र सोपं आहे. मूळ शब्द फौजेतला, पुढच्या तुकडीचा. आपल्याकडे 'बिनी' आहेच. 'बिनीचं ध्वनिमुद्रण'.

डावखुरा: 'बिनीचे कलाकार' म्हणजे आज नावाजलेले, पुरस्कारवाले. नेमका उलटा अर्थ.

गावठी_पाणिनी: वापर बिघडला तर शब्दानं काय करावं? पेशव्यांचे सरदार विसाजीपंत बिनीवाले यांचं आडनाव त्यातूनच आलं.

सांजधून: मंडळी, पत्रिका उद्या छापायची आहे.

डावखुरा: विसाजीपंत मूळचे चिंचाळकर ना?

गावठी_पाणिनी: हो. आणि डग्ग्याचं मी अजून सोडलेलं नाही.