ऑफिसातली मैत्रीण, रविवारची मंडळी : कुणाचा सल्ला घ्यायचा? (इंदूरकरांचे अनुभव)

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी माझ्यापाशी थांबली. नोकरीला लागून दोनच वर्षं झालीत. म्हणाली, "ताई, ऑफिसातली माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही. पण मनातलं सगळं मी तिलाच विचारते. चुकतंय का माझं?" तिने बायबलमधलं पहिलं स्तोत्र वाचलं होतं. दुर्जनांच्या मसलतीने चालू नये, असं त्यात आहे, आणि ते वाचल्यापासून तिला झोप नव्हती.

मी तिला विचारलं, "तुझी मैत्रीण दुर्जन आहे का गं?" ती रडायलाच लागली. म्हणून आपल्या ओळखीतल्या इंदूर, महू, पीथमपूरच्या मराठी माणसांना म्हटलं, खरं घडलेलं लिहून पाठवा. चांगलं-वाईट दोन्ही. सुरुवात माझ्यापासून करते.

मी एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रामबागेतली. चौदा वर्षं आम्ही एकत्र डबा खातो. श्रावणी सोमवारी तिचा उपास आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझा, असं दोघींना पाठ झालंय. तिला 'अविश्वासी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मंडळीत तो शब्द सहज वापरतात, मला तो नेहमी टोचतो.

मार्चमध्ये क्लोजिंग असतं आणि साहेब रविवारी बोलावतात. दोन वर्षं मी उपासना बुडवून गेले आणि आतून कुढत राहिले. पाळकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ठाम राहा, नाही म्हणा." बरोबरच होतं ते. पण नाही कसं म्हणायचं, ते मैत्रिणीने शिकवलं. "मार्चमध्ये सांगू नकोस. जानेवारीत जा. आणि नुसतं नाही म्हणून येऊ नकोस, बदल्यात काही दे. दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना घरी पळायचं असतं, तो दिवस तू घे. आणि चर्चचं कारण सांगताना मान खाली घालू नकोस. पूजेसाठी सुट्टी मागताना आम्ही घालतो का?" मी तसंच केलं. आता सहा वर्षं झाली, माझे मार्चचे रविवार माझे आहेत.

बायबलमध्ये निर्गमाच्या 18 व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो आहे ना, मला तोच आठवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा. सासरा आला तो मिद्यानी लोकांचा याजक, म्हणजे परक्या लोकांचा पुजारी. म्हणाला, असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेने ऐकलं. इथ्रो आपल्या देशी परत गेला. डोंगरावर देवाशी बोलणाऱ्या माणसाला कामाची घडी बसवून दिली ती बाहेरच्या माणसाने.

पण सगळंच घेता येत नाही. माझी आई आजारी होती तेव्हा मैत्रिणीने खजरानाच्या गणपतीचा दोरा आणला. पहाटे रांगेत उभी राहून. टिश्यूत गुंडाळलेला तो लाल दोरा तिने माझ्या कीबोर्डवर ठेवला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "हा मी बांधू शकणार नाही. पण तू रांगेत उभी राहिलीस हे आईला सांगेन." दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी डब्यात आईसाठी वेगळी मऊ खिचडी होती. आईने ती खाल्ली, आणि कुणी केली हे तिला ठाऊक होतं.

पीथमपूरहून, टूलरूममधले निवृत्त कारागीर

मंडळीत नीतिसूत्रांतलं ते वचन बऱ्याचदा निघतं, तिखे तिख्यास पाणीदार करते. तिखे म्हणजे पोलाद. त्यावर सांगतात की मित्र विश्वासीच हवा, पोलादाला पोलादच लागतं. माझा जन्म पोलादात गेला म्हणून लिहितो. सारखं पाणी दिलेली, म्हणजे तापवून सारखीच कडक केलेली दोन पोलादं एकमेकांवर घासली तर धार येत नाही, दोन्ही बोथट होतात. कानसही पोलादाचीच असते, पण तिला पाणी वेगळं दिलेलं असतं, ती जास्त कडक असते. म्हणून ती कापते.

माझे उस्ताद म्हणजे अशी कानस. एकादशी कधी न मोडलेला माणूस. मला नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं होतं. मंडळीतले सगळे म्हणाले, प्रभू चालवील, पाऊल टाक. उस्तादांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि विचारलं, "नोकरीला किती वर्षं झाली?" आठ वर्षं सात महिने. "पीएफची पेन्शन 10 वर्षं भरल्याशिवाय बसत नाही. बायकोला विचारलंस?" नव्हतं विचारलं. "देवाला घाई असते का रे? तुलाच असेल."

तेव्हा राग आला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हा कळलं. थांबलो. 10 वर्षं पूर्ण केली, तोवर दर रविवारी महूला मुलांची संडे स्कूल घेतली. मग नोकरी सोडली, ती बायको बरोबर घेऊन. आज 58 च्या पुढे आहे आणि दर महिन्याला पेन्शन येते. थोडीच आहे, पण त्या रकमेत औषधं भागतात. उस्ताद वारले तेव्हा मी खांदा दिला.

एका खासगी रुग्णालयातली नर्स

आम्ही कॅथलिक. वॉर्डात एका मुलीने औषधाची वेळ चुकवली आणि नाव माझं सांगितलं. मेमो मला मिळाला. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. चर्चमध्ये मिस्साला जायचे, शांतीचं चिन्ह म्हणून शेजारच्या बाईचा हात हातात घ्यायचे आणि ड्यूटीवर आले की तिच्याकडे पाठ.

आमच्या वॉर्डात एक जुन्या मराठी सिस्टर आहेत, देवधर्म कडक पाळणाऱ्या. त्यांच्याकडे गेले ते माझी बाजू घ्यावी म्हणून. नाईट ड्यूटी होती, तीन वाजलेले. त्या म्हणाल्या, "तुमच्या राणी मारिया झाल्या ना, त्यांच्या बहिणीने काय केलं होतं गं?" मी गप्पच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सिस्टर राणी मारिया या नन देवास जिल्ह्यात उदयनगरला गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या विळख्यातून त्यांना सोडवायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसप्रवासात समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच माणसाला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरलाच राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. त्या सोहळ्याला मी स्वतः होते. फोटोही काढले होते.

आणि ते मला आठवून द्यायला एक हिंदू बाई लागली. "त्यांनी राखी बांधली, तू चहा तरी विचार," असं म्हणून त्या राउंडला गेल्या. सकाळी मी त्या मुलीला चहा विचारला. मेमो अजून फाइलमध्ये आहे. मैत्री झाली असंही नाही. पण पाठ फिरवत नाही.

बँकेतून

माझा अनुभव छोटा आहे. जिवाभावाचा सहकारी, अडीअडचणीला पहिला धावणारा. प्रवासभत्त्याचं बिल वाढवून लावायला त्यानेच शिकवलं. "सगळेच लावतात, तू काय वेगळा?" मी एकदा लावलं. पकडलं कुणी नाही. पण महिनाभर प्रार्थनेला बसलो की ते बिल समोर यायचं. शेवटी पुढच्या बिलात तेवढी रक्कम कमी लावली. तो आजही मित्र आहे. पैशांबद्दल मात्र त्याला विचारत नाही.

स्नेहलतागंजमधून एक गृहस्थ

बँकवाल्या भावांनी लिहिलं त्याच्या बरोबर उलट माझं झालं. मंडळीतल्याच एका भावाने योजना आणली, महिन्याला 3 टक्के. प्रार्थना करून सुरुवात केली होती. ऑफिसातल्या सहकाऱ्याने कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला : "वर्षाला 36 टक्के होतात. बँक सातच्या आसपास देते. वरचे 29 कुठून येणार, एवढं विचार त्याला." मला वाटलं, हा बाहेरचा माणूस, याला आपल्यातला विश्वास काय कळणार. विचारलंच नाही. 1,80,000 रुपये गेले. मुलीच्या लग्नाचे होते.

सहकाऱ्याने एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. लग्नात मांडवाचे पैसे त्याने भरले आणि अजून मागितले नाहीत. भाऊ म्हणायचं तर मी त्याला म्हणतो.

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितोय

माझ्या ख्रिस्ती मित्राने वाचायला दिलं म्हणून. आधी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी त्याला उत्साहाने 'हॅपी गुड फ्रायडे' म्हटलं होतं. त्याने हसून बाजूला घेतलं आणि त्या दिवशी येशूला क्रुसावर मारलं ते सांगितलं. आता त्या दिवशी मी त्याच्यासमोर मिठाईचा डबा उघडत नाही.

पण एक मनापासून सांगायचंय. तो मला लोनचं विचारतो, मुलाच्या ॲडमिशनचं विचारतो, बदलीचं विचारतो. त्याची बायको सोडून गेली हे मात्र मला चार महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं. म्हणाला, "ते मंडळीत सांगितलं होतं." तिथे प्रार्थना झाली असेल, चांगलंच आहे. मला प्रार्थना येत नाही तशी. पण मी रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा पीत होतो. मी नुसता बसलो असतो.

आणि जिच्यामुळे हे सुरू झालं, ती मुलगी

ताई, सगळं वाचलं. मला पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय. पगार दीडपट. मैत्रिणीला दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, जा. तिने आधी नोटीस पीरियड विचारला, मग भाडं किती पडेल ते. मग म्हणाली, "तिथे तुझं चर्च कुठे असेल? रूमपासून किती लांब? आधी ते शोध. रविवार चुकला की पुढचा आठवडाभर तू कशी असतेस ते मला माहीत आहे."

अजून ठरलेलं नाही. या रविवारी मंडळीत प्रार्थनेसाठी नाव दिलंय. सोमवारी छप्पन दुकानवर, इथल्या खाऊगल्लीत, तिच्याबरोबर पोहे खायचेत, तेव्हा दोघी मिळून नकाशावर बघू.