‘सालदार’ या शब्दातला ‘दार’ कोणता?

प्रश्न : यवतमाळकडच्या आमच्या गावात एका घराला आजही ‘सालदाराचे घर’ म्हणतात, वास्तविक त्या घरातले कोणी कित्येक वर्षांत कोणाकडे सालाने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतगडी म्हणून, राहिलेले नाही. वर्षभर मालकाच्या दारात राबतो म्हणून सालदार, अशी फोड मी लहानपणी ऐकली आहे. ती बरोबर आहे काय? आणि हा ‘दार’ जमीनदारातला असेल, तर या माणसाजवळ होते तरी काय?

उत्तर : फोड ऐकायला गोड असली तरी बरोबर नाही. दरवाजा या अर्थाचे ‘दार’ संस्कृत ‘द्वार’पासून आले; सालदारातला ‘दार’ मात्र धरणारा, बाळगणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय आहे. ‘साल’ म्हणजे वर्ष, हा शब्दही फारसीच. गंमत अशी, की फारसी ‘साल’ आणि संस्कृत ‘शरद्’ मुळात एकाच घरचे आहेत, तर ‘दार’चे नाते ‘धृ’ धातूशी लागते. त्यामुळे शंभर शरद जगण्याची वैदिक प्रार्थना आणि सालदाराचे साल हे भाषेच्या वंशावळीत सख्खे भाऊबंद ठरतात.

प्रत्येक ‘दार’ मालक असतो, असे समजण्याचे मात्र कारण नाही. कर्जदार कर्जाचा मालक नसतो, ते त्याच्या डोक्यावर असते. माझ्या मते सालदार हा जमीनदाराच्या नव्हे, कर्जदाराच्या पंक्तीतला शब्द आहे.

भर : वरील उत्तराला वापराची जोड देतो. आमच्याकडे साल गुढीपाडव्याला सुरू होऊन पुढच्या पाडव्याला संपत असे. काही भागांत अक्षय तृतीया धरत. मोबदला रोख रक्कम, ज्वारी आणि कपडे-चपला असा मिळून ठरे. वडिलांच्या वहीत सालदाराच्या नावाखाली एका बाजूला उचल आणि दुसऱ्या बाजूला खाड्यांच्या उभ्या रेघा असत. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तो ओसरीच्या पायरीवर बसून, अक्षरओळख नसतानाही, त्या रेघा बोटाने मोजून घेई आणि एखादी जास्तीची निघाली तर पोळ्याच्या दिवसाची आठवण देऊन ती खोडायला लावी. वखरणी, डवरणी, ओलीत, ढोरांचा कडबा-कुटार आणि हंगामात वावरातली जागल, हे सारे त्या एका सालात येई. मराठवाड्यात यालाच ‘सालगडी’ म्हणतात. महिन्याच्या बोलीवर राहणारा तो ‘महिनदार’.

कोणी याला सरसकट वेठबिगार म्हणतात, ते मला पटत नाही, कारण सालदार पाडव्याला घर बदलू शकत असे. उचल फिटली नाही तर मात्र हा फरक कागदावरच उरे, आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा रोख अशाच कर्जाच्या बंधनावर होता.

आता बैलजोड्या कमी झाल्या, तसे सालदारही. तरी ट्रॅक्टरवर ठेवलेल्या मुलाला आमच्या गावची म्हातारी माणसे अजून विचारतात, “यंदा कोनाच्या घरी सालानं हायेस गा?”