मदत हवी आहे: स्टुडिओचा नॅस चालू होईना, दोन लग्नांचा डेटा आत अडकलाय

शहापूर_स्टुडिओ
नमस्कार मंडळी, घाईत लिहालोय. बेळगावच्या शहापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे, सगळा डेटा नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या डब्यात, असतो. परवा वळीव झाला तेव्हा लाईट तीन चारदा गेली आली आणि तेव्हापासून नॅस नेटवर्कवर दिसनाच झालाय. लाईट लागतीय खरं काम काय होईना. येळ्ळूरच्या आणि कंग्राळीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत, येळ्ळूरची पार्टी दिवसातनं दोनदा फोन करालीय. डेटा काढायचं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं ते सांगा, लवकर.

खानापूर_नेटवर्क
दादा, सॉफ्टवेअर नंतर. आधी हे सांगा: किती डिस्कचा डबा, कुठली लाईट लागतीय, लागून राहतीय की लुकलुकतीय, आणि आतनं आवाज कसला येतोय?

शहापूर_स्टुडिओ
दोन डिस्कचा, 4 टीबीच्या दोन टाकलेल्या. कंपनीचं नाव नको, मागं एका धाग्यात नाव घेतलो तर नुसती कंपन्यांवरनंच भांडणं झाली. लाईट लुकलुकतीय. आवाज टिक टिक येतोय.

निपाणी_कॉम्प्युटर
टिक टिक म्हणजे डिस्कमधलं डेटा वाचणारं हेड गेलं. डिस्क प्लॅस्टिक पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी लगेच लावून डेटा काढून घ्या. मी 2009 मध्ये एका गिऱ्हाईकाची अशीच काढून दिलोय.

खानापूर_नेटवर्क
फ्रीजर अजिबात नको ओ. जुन्या 40, 80 जीबीच्या काळातली गोष्ट ती. फ्रीजरमधनं बाहेर काढल्यावर आत दव धरतंय, आणि प्लॅटरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या तबकडीवर, हेड केसापेक्षा कितीतरी बारीक अंतरावर तरंगत असतंय. पाण्याचा एक कण पुरे, सगळं खरवडून जाईल. दादा, तुम्ही आणि एकदा डबा चालू करू नका. टिक टिक एका डिस्कमधनं येतीय की दोन्हीतनं?

काकती_रोड
राऊटरनं आयपी, म्हणजे नॅसचा नेटवर्कवरचा पत्ता, बदललेला असणार. आमच्याकडं लाईट गेल्यावर हेच झालं होतं. मागं पिन घालायचं भोक असतंय, तिथं दहा सेकंद दाबा, सगळं जाग्यावर येतंय.

खानापूर_नेटवर्क
रीसेटला हात लावू नका! थोडा वेळ दाबलं तर पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग जातीय तेवढंच, खरं काही डब्यांत त्याच्या पुढं दाबत राहिलं तर सिस्टिम नव्यानं बसवायला घेतंय. आयपीचा प्रश्न असता तर टिक टिक कशाला आली असती?

शहापूर_स्टुडिओ
दोन्हीतनं येतीय असं वाटतंय. चालू केलं की घरघर सुरू होतीय, मग टिक, मग बंद, परत घरघर. लाईट पण तसंच करतीय.

उद्यमबाग_वर्कशॉप
मी इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, तीस वर्षं झाली. दोन्ही डिस्का एकदम मरत नाहीत बाळ. दोन्ही एकाच वेळी टिक करालेत म्हणजे मला पॉवरचा संशय येतोय. तुझा अ‍ॅडॅप्टर 12 व्होल्ट 5 अँपिअरचा असणार, लेबल बघ. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या दोन चार सेकंदांत एकटी दीड ते दोन अँपिअर ओढते, दोन डिस्का म्हटल्यावर हिशेब कर. अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर फुगले की रिकाम्या पिनवर मीटर 12 च दाखवतो, खरं लोड आला की 9 वर येतो. मग डिस्क फिरायला जाते, व्होल्टेज पडतं, हेड जाग्यावर परत येतं, तीच तुझी टिक. लाईट ये जा करताना पहिला मार अ‍ॅडॅप्टरलाच बसतो.

तपासायचं कसं सांगतो. चारचाकीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब मिळतो, तसले दोन घे. दोन्ही एकत्र अ‍ॅडॅप्टरला जोडलास की साडेतीन अँपिअरच्या आसपास लोड होतो. बल्ब पेटलेले असताना मीटर लाव. साडेअकराच्या खाली आला तर अ‍ॅडॅप्टर टाकून दे. नवा घेताना व्होल्ट तेच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या मधे प्लस आहे का बघ. ते उलटं झालं तर डबा खरंच जाईल.

निपाणी_कॉम्प्युटर
काका, पॉवरचा झटका बसला असेल तर डिस्कच्या खालची पीसीबी (सर्किट बोर्ड) पण गेलेली असू शकते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पीसीबी काढून लावली की झालं.

उद्यमबाग_वर्कशॉप
तसं होत नाही आता. त्या बोर्डावर एक बारकी रॉम चिप असते, त्यात त्याच डिस्कची स्वतःची मोजमापं असतात. नुसता बोर्ड बदलला तर चालत नाही, जुनी चिप काढून नव्यावर बसवावी लागते. शिवाय त्याच्या डिस्का फिरालेत. बोर्ड मेला असता तर फिरल्याच नसत्या.

चिकोडी_२०
माझ्या मोबाईलमधले फोटो चुकून डिलीट झालेले ते मला परत मिळाले. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले असतील तर डिलीट केल्यावर 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतात, तिथं बघा दादा.

पुण्यातला_बेळगावकर
धागा वाचून वाईट वाटलं. मुळात गिऱ्हाईकांचा डेटा एकाच डब्यात ठेवणं हीच चूक आहे. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं लोक धरून चालतात. मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा, हा बॅकअप नव्हे. एका डिस्कवर फाईल पुसली की दुसरीवरही त्याच क्षणी पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, एवढं तरी पाळायलाच हवं.

खानापूर_नेटवर्क
बरोबर आहे सर, खरं ते उद्या सांगूया. आज त्याला येळ्ळूरच्या पार्टीला तोंड द्यायचंय. दादा, एक महत्त्वाचं विचारतो, नीट आठवून सांगा. नॅस चांगला होता तेव्हा कॉम्प्युटरवर त्याची वट्ट जागा किती दाखवायची? साडेतीन च्या वर, की सातच्या वर?

शहापूर_स्टुडिओ
3.6 दाखवायचं. मी त्यावरनं दुकानदाराशी भांडलो पण होतो, 8 टीबीचे पैसे घेऊन 3.6 च कसं म्हणून.

खानापूर_नेटवर्क
देव पावला. 3.6 म्हणजे मिरर आहे. 4 टीबीची डिस्क कॉम्प्युटर 3.6 च दाखवतो, आणि दोन्हीवर तोच डेटा. 7.2 दाखवत असता तर दोन्ही डिस्का मिळून एक झालेल्या, मग एक जरी गेली तर सगळं अवघड. आता डिस्का बाहेर काढायला हरकत नाही, खरं काढताना 1 आणि 2 अशी मार्करनं खूण करा, आणि विंडोजला लावू नका.

शहापूर_स्टुडिओ
विंडोजला लावून बघितलोय मी कालच. पहिली डिस्क जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरनं जोडायचा खोका) घातली, इनिशियलाईज, म्हणजे डिस्क नव्यानं तयार करायची काय विचारलं, ओके म्हटलो. त्यानंतर फोल्डर काय दिसंना म्हणून काढून परत डब्यात घातलोय. ते सांगायचं राहिलं.

खानापूर_नेटवर्क
दादा हे पहिल्या पोस्टमध्येच सांगायला पाहिजे होतं. त्याच्यानंतर फॉरमॅट केलात काय? खरं खरं सांगा.

शहापूर_स्टुडिओ
नाही, देवाशप्पथ. फॉरमॅट म्हणून आलं तेव्हा भीती वाटली, कॅन्सल केलो.

खानापूर_नेटवर्क
मग डेटा आत आहे. काही जुने डॉक 512 बाईटचे सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे) 4096 चे म्हणून दाखवतात, म्हणून विंडोजला पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी सापडली नाही आणि ती नवीन लिहू काय म्हणून विचारलं. इनिशियलाईजनं डिस्कच्या अगदी सुरुवातीची आणि शेवटची थोडी जागा लिहिली जाते, फोटोंना हात लागत नाही. दुसरी डिस्क तशीच आहे ना? मग तिच्यावरनंच काढायचं.

असं करा. डेस्कटॉप पीसी बघा, लॅपटॉप नको, डॉक तर नकोच. त्यातली विंडोजची डिस्क काढून ठेवा. नंबर 2 ची डिस्क सरळ साटा केबलनं मदरबोर्डला जोडा, पीसीचीच पॉवर द्या, म्हणजे अ‍ॅडॅप्टरचा प्रश्न मिटला. पेन ड्राईव्हवर उबुंटू लिनक्स, म्हणजे विंडोजच्या ऐवजी चालणारी सिस्टिम, घालून त्यावरनं चालू करा, ट्राय उबुंटू म्हणून येतंय तेच, इन्स्टॉल नाही. असल्या डब्यांत आत लिनक्सच असतंय, पहिली दोन बारकी पार्टिशन सिस्टिमची आणि स्वॅपची, मोठं जे आहे ते तुमच्या डेटाचं. एमडीएडीएम ह्या लिनक्सच्या कमांडनं मिरर असेंबल (परत उभा) करायचा, बरोबर रन आणि रीडओन्ली (नुसतं वाचायचं, लिहायचं नाही) दोन्ही द्यायचं, कारण जोडीतली एकच डिस्क आहे म्हटल्यावर रन दिल्याशिवाय ते उठत नाही. मग एलव्हीएम (जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) असेल तर ते चालू करायला व्हीजीचेंज कमांड. माऊंट करताना पण रीडओन्लीच, फाईलींची मांडणी ईएक्सटी4 असेल तर नोलोड पण द्या म्हणजे जर्नलचं (अर्धवट बदलांच्या नोंदीचं) लिहिणं होत नाही. ह्यातलं काही कळलं नाही तर थांबा, अंदाजानं एंटर मारू नका. क्रिएट हा शब्द तर कुठंही टाईप करायचा नाही.

विणकर_वडगाव
आमच्या गल्लीत लाईट परत येते तेव्हा सगळे माग एकदम सुरू होतात, त्या क्षणी व्होल्टेज दणकन खाली जातंय. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच सहा पट करंट ओढतीय. आमच्या जॅकार्डचा, म्हणजे साडीत नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलर त्यातच गेला होता. स्टॅबिलायझरनं काय होत नाही, लाईट गेल्यावर तो पण बंदच. यूपीएस पाहिजे आणि अर्थिंग चांगली पाहिजे. आणि हा धागा वाचून मी आत्ता उठून बघितलो, साडीच्या सगळ्या डिझाईनच्या फाईली एकाच पीसीवर आहेत, बाबांच्या वेळेपासूनच्या. कुठं ठेवायच्या, पेन ड्राईव्हवर चालतंय काय?

पुण्यातला_बेळगावकर
पेन ड्राईव्हवर कायमचं ठेवू नका, एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. डिझाईनच्या फाईली लहान असतात, क्लाऊडवरही सहज मावतील.

हिंदवाडी_कॅमेरा
शहापूरचे दादा, मी पण लग्नाची कामं करते. तुमच्या कॅमेऱ्याची कार्डं कुठं आहेत? सगळे डिस्कच्या मागं लागलेत, खरं फोटो पहिल्यांदा कार्डावरच होते.

शहापूर_स्टुडिओ
कार्डं फॉरमॅट करून ठेवलोय ताई. कंग्राळीची दोन तशीच आहेत, येळ्ळूरच्या कार्डावर नंतर एक बारसं काढलो.

हिंदवाडी_कॅमेरा
मग कंग्राळीचे फोटो मिळतील असं समजा. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट नुसती यादी पुसतो, फोटो जाग्यावर असतात. लो लेव्हलची, म्हणजे सगळंच पुसायची, खूण केली असेल तर मात्र नाही. फोटोरेक म्हणून सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ) फाईली पण काढतंय. वाचवलेलं कार्डावर परत लिहायचं नाही, दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं. फाईलींची नावं जातात, तारखेनं लावून घ्यावं लागतंय. व्हिडिओचे तुकडे पडलेले असले तर काही चालणार नाहीत, त्याची आशा कमी ठेवा. येळ्ळूरच्या कार्डावर बारशानं जेवढी जागा खाल्ली तेवढं गेलं, बाकीचं बघा. आणि ती कार्डं आत्ताच कॅमेऱ्याच्या बॅगेतनं काढून कपाटात ठेवा, घरात कुणीतरी घेऊन जाईल.

शहापूर_स्टुडिओ
काका, बल्ब लावून बघितलो. रिकामा 12.1, दोन बल्बांवर 8.9. अ‍ॅडॅप्टरच होता. पाहुण्यांच्या दुकानात पीसी आहे, तिथं डिस्क 2 लावलोय. टिक टिक नाही, गप्प फिरतीय. स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा म्हणून एकानं सांगितलं ते बघितलो, 197 नंबरला 16 दाखवतंय. ते काय?

खानापूर_नेटवर्क
197 म्हणजे पेंडिंग सेक्टर, वाचायला अडकालेत त्या जागा. परत परत व्होल्टेज पडून अर्धवट लिहिलेले पण असू शकतील. आता थांबा, फाईली कॉपी करू नका. नवी 4 टीबी आणा, डीडीरेस्क्यू ह्या कॉपीच्या प्रोग्रॅमनं आख्खी डिस्क उतरवून घ्या, मॅपफाईल (कुठवर झालं त्याची नोंद) द्या म्हणजे मधे बंद पडलं तरी तिथनंच पुढं चालतंय. मग त्या प्रतीवर काम.

उद्यमबाग_वर्कशॉप
16 सेक्टरसाठी एवढं कशाला? 3.6 टीबी उतरवायला रात्र जाईल, तेवढा वेळ डिस्क सलग पळणार. त्याला पाहिजेत दोन फोल्डर. ते आधी घेऊन मोकळा हो.

खानापूर_नेटवर्क
काका, आज 16 आहेत, उद्या 1600 होतील. फोल्डर उघडलं की हेड इकडनं तिकडं पळतंय, उतरवताना सरळ रेषेत जातंय. माझा अनुभव आहे म्हणून सांगालोय, एका दवाखान्याची डिस्क अशीच फाईली काढता काढता अर्ध्यात गेली.

उद्यमबाग_वर्कशॉप
तिला जोडी नव्हती. इथं नंबर 1 अजून पडून आहे, तिच्यावर तोच डेटा आहे, नुसती पार्टिशनची यादी गेली. दोन्हीची मांडणी सारखी असते, 2 वरनं मापं बघून 1 ची यादी परत लिहिता येते. म्हणून म्हणालो.

शहापूर_स्टुडिओ
दोघांचं पण पटतंय मला. 4 टीबी आज मिळणार नाही, दुकान उद्या उघडतंय. येळ्ळूरचा फोल्डर 180 जीबीचा आहे, तेवढा एकच घेतो, मग बंद करून उद्या आख्खी उतरवतो. खानापूरचे दादा, रागावू नका.

खानापूर_नेटवर्क
राग कसला. रीडओन्ली आहे ना तेवढं परत बघा. अडकली असं वाटलं तर ओढत बसू नका, लगेच बंद करा.

शहापूर_स्टुडिओ
असेंबल झालं. एलव्हीएम होतं, व्हीजीचेंज केल्यावर ईएक्सटी4 निघालं. फोल्डर दिसालेत. सगळे दिसालेत, 2019 पासूनचे. येळ्ळूरचा कॉपी चाललाय, शंभरच्या आसपास एमबीचा स्पीड आहे, निम्मा आला.

हिंदवाडी_कॅमेरा
झाल्यावर पाच पंचवीस फोटो उघडून बघा हं, हळदीचे, अक्षतांचे, वरातीचे, प्रत्येकातले थोडे. नुसता आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका.

शहापूर_स्टुडिओ
बघितलो ताई. वट्ट 4312 फोटो, अक्षता पडतानाचे सगळे उघडले. दोन उघडंनात, दोन्ही जेवणाच्या पंगतीतले आहेत. डिस्क बंद करून काढून ठेवलोय. अल्बमचं सिलेक्शन पार्टीला आत्ता पाठवालोय. उद्या 4 टीबी आणून डीडीरेस्क्यूला बसतो, तेव्हा डिस्कची नावं कुठली आधी लिहायची ते विचारीन, उलटं झालं तर काय होतंय ते वाचलोय.

खानापूर_नेटवर्क
आधी जिच्यावरनं घ्यायचं ती, मग जिच्यावर लिहायचं ती, शेवटी मॅपफाईल. नावावर जाऊ नका, सिरीयल नंबर बघून कागदावर लिहून ठेवा. बसायच्या आधी इथं मेसेज टाका, मी आठनंतर मोकळा असतो.

विणकर_वडगाव
काका, तो अ‍ॅडॅप्टर तपासायचा बल्ब जॅकार्डच्या 24 व्होल्टला लावला तर चालतंय काय?

उद्यमबाग_वर्कशॉप
नाही, जळेल. ट्रकचा 24 व्होल्टचा घे, 21 वॅटचाच.