शब्दचर्चा : विरह, वियोग, ताटातूट आणि 'हेका'

प्रश्न : 'विरहगीत' म्हटलं की परगावी गेलेल्या सख्याची वाट पाहणारी सखी आठवते. मग आई गेलेल्या लेकराच्या गाण्यातल्या ओढीला काय म्हणायचं?

— विरहात भेटीची शक्यता धरलेली असते, म्हणून तो शब्द तुम्हाला तिथे खटकतो. माणूस गेलं की आपण 'पत्नीवियोग', 'पुत्रवियोग' म्हणतो. 'पुत्रविरह' म्हटलं तर मुलगा नोकरीसाठी लांब राहतो असं वाटेल. वर्तमानपत्रातला शब्द आणखी वेगळा : 'अमुक यांना मातृशोक'. पण वियोग, शोक हे शब्द समाचाराला येणाऱ्यांचे. ज्याचं माणूस गेलंय तो रोजच्या बोलण्यात असं बोलत नाही.

माधव जूलियन (१८९४–१९३९) यांची 'प्रेमस्वरूप आई' ही कविता पाहा. लता मंगेशकरांच्या आवाजात ती घरोघरी पोचली. तिथे 'वियोग'ही आहे, पण मनाला भिडतो तो शब्द 'ताटातुटी'. ताटातूट एकट्याची होत नाही, दोघांची होते, आणि दोघांच्याही मनाविरुद्ध. 'तू गाय, वासरू मी' याच्या लगेच पुढे तो येतो.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती ही ओळ :

'चित्ती तुझी स्मरेना काहीच रूपरेखा
आई हवी म्हणूनी सोडी न जीव हेका'

आईचा चेहराच आठवत नाही! म्हणजे आठवण, सय, स्मृती हे सगळे शब्द इथे बाद. जे आठवतच नाही त्याची ओढ कशी सांगायची? कवीनं 'हेका' घेतला. एरवी तो रागावताना वापरायचा शब्द : 'हेका सोड आता.' इथे तो जिवाला लावलाय, आणि मोठा झालेला माणूस एका शब्दात हट्टी मूल होतो. 'ध्यास' घातला असता तर अर्थ चुकला नसता, पण ते मूल हरवलं असतं.

शेवटी 'आस' येते. आस पुढच्या काळाची असते, आणि या जन्मात तर पुढे काही उरलेलं नाही. म्हणून कवी आईलाच फिरून जन्म घ्यायला सांगतो, मी पुन्हा पोटी येईन म्हणतो. 'पोटी येणे' हा आपला रोजचा प्रयोग इथे किती नेमका बसलाय!

— यात गोविंदाग्रजांच्या (राम गणेश गडकरी) 'राजहंस माझा निजला' या कवितेतलं 'निजला' जोडावंसं वाटतं. श्रद्धांजलीत आपण 'चिरनिद्रा' लिहितो. मांडीवर गेलेलं मूल घेऊन बसलेली आई ते म्हणणार नाही. निजणं हे तिचं रोजचं क्रियापद, अंगाईतलं. बाकीच्यांना मृत्यू दिसतो. तिच्याकडे तो कबूल करणारा शब्दच नाही.

— अगदी. आणि कवी यशवंतांच्या 'आई म्हणोनी कोणी'त तर दुसऱ्याच्या लेकरानं मारलेली हाक कानी पडते आणि दुःख उसळतं. इथेही आठवणीचा शब्द लागत नाही, नुसती 'हाक' पुरते.