पक्षाघातानंतर चालणे व तोल: रोबोटचा उपयोग कितपत?

प्रश्न: वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला असून त्यांना अद्याप आधाराशिवाय उभे राहता येत नाही. नेहमीच्या फिजिओथेरपीऐवजी रोबोटच्या साहाय्याने चालण्याचा सराव पुरेसा ठरेल का?

उत्तर: ऐवजी नव्हे, जोडीने. 62 चाचण्यांचा विचार करणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानुसार, फिजिओथेरपीसोबत असा सराव करणारे रुग्ण स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते आणि पहिल्या 3 महिन्यांतील, चालू न शकणाऱ्या रुग्णांना सर्वाधिक लाभ संभवतो. आपल्या वडिलांची स्थिती नेमकी अशीच आहे, म्हणून ही संधी दवडू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरे उत्तर: तोलाबाबत मात्र सावध राहावे. पट्ट्यांनी शरीराचा भार उचलला जातो व यंत्र पाय हलवते, त्यामुळे थकवा येण्यापूर्वी पुष्कळ पावले टाकून होतात. परंतु यंत्रात कंबर जखडून ठेवलेली असेल, तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम रुग्णाला करावेच लागत नाही, आणि तोल तर त्यातूनच सुधारतो. म्हणून रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न वाढेल तसतसे यंत्राचे साहाय्य व भाराचा आधार कमी केला जातो का, हे अवश्य विचारा. उभे राहणे, वळणे, बाजूला पाऊल टाकणे यांचा सराव जमिनीवर स्वतंत्रपणे व्हायला हवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्यांची हाडे ठिसूळ आहेत. अडचण येईल का?

दुसरे उत्तर: येऊ शकते. ठिसूळ हाडे, आखडलेले सांधे, त्वचेवरील जखमा किंवा उभे राहताच घसरणारा रक्तदाब असल्यास डॉक्टरांच्या तपासणीपूर्वी सुरुवात करू नये.